पावतीपासून परवान्यापर्यंत

मध्यंतरी मुलाचा पुण्याहून फोन आला. "अब्बा, घर मिळालं. बाविसावा मजला, एकदम शांत भाग. खाली बाग आहे, पोहायचा तलाव आहे." मी विचारले, "भाडं किती?" त्याने आकडा सांगितला. माझ्या पहिल्या नोकरीतला पाच वर्षांचा पगार एकत्र केला असता, तर त्या घराचे एका महिन्याचे भाडे कसेबसे निघाले असते. मी म्हणालो, "मुबारक हो," आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी त्याने कराराची प्रत पाठवली. मी साधा बी.ए. झालेला माणूस, कायदा शिकलेलो नाही. पण कविता लिहिणाऱ्याला एक खोड असते, तो कोणताही कागद शब्दांसाठी वाचतो. चष्मा लावून मी सगळी पाने वाचून काढली. करार घराचा होता, पण त्यात 'घरमालक' नव्हता, 'भाडे'ही नव्हते. होता तो 'परवाना देणारा', 'परवाना घेणारा' आणि 'परवाना शुल्क'. 'भाडेकरू' हा शब्द सगळ्या कागदात एकदाच आला होता, आणि तोही अशा कलमात की, परवाना घेणाऱ्याला कोणत्याही परिस्थितीत भाडेकरू समजले जाणार नाही.

ज्या शब्दाने माझ्या वडिलांची उमर गेली, तो शब्द माझ्या मुलाच्या घरात येऊ नये म्हणून एवढी खबरदारी! हा शब्द कुठे आणि कसा हरवला, याचा मग मी शोध घेऊ लागलो. घर भाड्याने घेणे ही इतकी रोजची गोष्ट आहे, की तिला काही इतिहास असेल असे आपल्याला वाटत नाही. पण तो आहे, आणि आपल्या खानदेशातूनच त्याची सुरुवात सांगता येते.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभारी म्हणून आला. त्याने ठाण्यासाठी धुळे निवडले. त्या वेळी धुळ्यात माणसे होती २५०९ आणि घरे ४०१, अशी सरकारी नोंद आहे. लढाया, लुटालूट आणि दुष्काळ यांनी सारा मुलूख ओस पडला होता. ब्रिग्जपुढे प्रश्न घरांचा नव्हता, माणसांचा होता. म्हणून त्याने व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना बोलावून घर बांधायला जागा दिली, तीही कायमची बिनभाड्याची. वर बांधकामासाठी उचल दिली. सरळ रेषेत रस्ते आखले. धुळ्याच्या जुन्या भागात आजही गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामागे ती आखणी आहे. दोनशे वर्षांपूर्वी खानदेशात 'या, राहा, भाडे नको' असे सांगून शहर वसवावे लागले होते. त्या काळी 'भाडे' हा शब्द आपल्या लोकांना माहीत होता तो बैलगाडीच्या संदर्भात. घर हे वडिलांकडून मिळायचे किंवा गावकऱ्यांच्या मदतीने मातीचे धाबे टाकून उभे राहायचे.

घराचे भाडे खरे आले ते रेल्वेबरोबर आणि कापसाबरोबर. रूळ आले, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे झाले. कचेऱ्या, वकील, कारकून, मास्तर, हमाल, सगळे शहरात आले. त्यांचे गाव एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे. अशा माणसाला घर नको असते, खोली हवी असते. वाड्यांचे मागचे सोपे, गोठ्यावरचे माळे, ओट्याशेजारच्या खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. भुसावळला रेल्वेने आपल्या माणसांसाठी क्वार्टर्स बांधली. भाडेकरू नावाचा माणूस जन्माला आला तो असा.

मुंबईत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. १८९६ साली तिथे प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या चाळींतून तो पसरला, तेव्हा सरकारने १८९८ साली सुधार ट्रस्ट काढला. बी.आय.टी. चाळी त्या ट्रस्टच्या. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई झाली आणि मालकांनी भाडी भरमसाट वाढवली. तेव्हा १९१८ साली मुंबई सरकारने भाड्यावर बंधन घालणारा कायदा केला. भाडे म्हणजे दोन माणसांमधला खासगी व्यवहार आहे, त्यात सरकारने पडू नये, ही समजूत त्या वर्षी आपल्याकडे पहिल्यांदा मोडली. १९२० साली विकास खाते स्थापन झाले आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. या चाळी लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचे आहे.

मग आला १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याने भाडे गोठवले. १ सप्टेंबर १९४० या दिवशी जे भाडे होते, तेच प्रमाण भाडे. कर वाढला किंवा मालकाने घरात सुधारणा केली तर थोडी वाढ, एरवी नाही. भाडे नियमित भरणाऱ्याला घराबाहेर काढायचे, तर मालकाने कोर्टात ठराविक कारण सिद्ध करायचे. फाळणीचे, टंचाईचे दिवस होते, म्हणून कायदा थोड्या मुदतीसाठी होता. पण त्याची मुदत वाढवत वाढवत तो अर्धशतक चालला. या कायद्याने एक अजब गोष्ट केली. भाड्याच्या पावतीला, त्या रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या कपट्याला, मालमत्तेची किंमत आणली. माणूस खोली सोडताना ती पावती दुसऱ्याला देऊ लागला आणि त्याचे पैसे घेऊ लागला, त्याला 'पागडी' म्हणत.

आमच्या घरीही अशा पावत्या होत्या. अब्बा जिनिंगमध्ये कारकून. जुन्या जळगावात एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या, भाडे महिन्याला अठरा रुपये. मालकीणबाई विधवा होत्या, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, त्या अब्बांना भाऊ म्हणायच्या. एक तारखेला अब्बा भाडे द्यायचे आणि काकू पावती द्यायच्या. भिंतीवर एक वाकवलेली तार होती, तिच्यात त्या पावत्या ओवलेल्या असत. कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघे, तो आम्ही काकूंच्या ओट्यावरून पाहायचो. तो रथ लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो आणि तिथे फुलांची चादर चढते, हे जळगावकरांना सांगायला नको. सगळे गोडच होते असे मात्र नाही. पाण्यावरून भांडणे होत. सणाच्या दिवशी आमच्या स्वयंपाकाचा वास काकूंना सहन होत नसे, त्या दिवशी त्या दार लावून घेत. पण दुसऱ्या दिवशी दार उघडायचे.

१९८६ साली काकूंच्या मुलाचे लग्न ठरले. घरात जागा नव्हती. त्या अब्बांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या दोन खोल्या मिळाल्या तर बरं होईल." अब्बांच्या ओळखीच्या एका वकिलाने ऐकले आणि सांगितले, "हलू नका. पावत्या आहेत ना? त्यांनी दावा लावला तरी पंधरा वर्षं काही होत नाही. खोल्या सोडायच्याच असतील तर पैसे मागा." अम्मीचेही मत तसेच पडत होते. तीन लेकरे घेऊन जायचे कुठे? अब्बा आठ दिवस गप्प होते. मग त्यांनी पिंप्राळ्यात उधारउसनवार करून एक लहानसा प्लॉट घेतला, त्यावर पत्र्याची एक खोली टाकली आणि लग्नाच्या पंधरा दिवस आधी काकूंच्या हातात किल्ली दिली. पैसे घेतले नाहीत. पिंप्राळा तेव्हा खेडेच वाटायचे, आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघाला की तेवढ्यापुरते शहर तिकडे यायचे. आज ते जळगाव महापालिकेत आहे आणि आमच्या रस्त्यालाही लिफ्टच्या इमारती झाल्या आहेत.

मी तेव्हा कॉलेजात होतो. अब्बांचा मला राग आला होता. कायद्याने दिलेला हक्क असा कोणी सोडतो का? अब्बा एवढेच म्हणाले, "अठरा रुपयांत त्या बाईनं काय खायचं?" भाडे नियंत्रणाच्या कायद्याची दुसरी बाजू मला त्या वाक्याने कळली. मुंबईत ती बाजू इमारती कोसळून कळत होती. गोठलेल्या भाड्यात मालक डागडुजी करेनात, म्हणून १९६९ साली सरकारला दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ काढावे लागले.

आता उंच इमारतींकडे वळू. मुंबईत कार्मायकेल रोडवर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला 'उषा किरण' ही पंचवीस मजल्यांची इमारत उभी राहिली, तेव्हा ती देशातल्या सर्वांत उंच इमारतींत गणली गेली. १९८३ साली चार्ल्स कोरिया यांनी रचलेली 'कांचनजंगा' कंबाला हिलवर पुरी झाली. २८ मजले आणि घरे अवघी ३२. जुन्या बंगल्याला जसा ऊन-पाऊस अडवणारा व्हरांडा असायचा, तसे दोन मजली उंचीचे मोकळे कोपरे त्यांनी प्रत्येक घराला आकाशात दिले. अशा घरांचे मालक श्रीमंत होते, पण त्यांनाही एक भीती होती. घर भाड्याने दिले आणि राहणारा भाडेकरू झाला, तर ते परत मिळणार नाही!

ही भीती खरी ठरली १९७३ साली. भाडेकायदा टाळण्यासाठी मालकांनी तोवर एक वाट काढली होती. घर भाड्याने द्यायचे नाही, फक्त राहण्याचा परवाना द्यायचा. सरकारने कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवान्यावर राहत होते, त्यांना भाडेकरू मानून टाकले. हजारो माणसांना एका दिवसात हक्क मिळाला. पण मालक शहाणे झाले. कितीतरी घरांना कुलपे लागली. मोकळे घर परवडले, भाडेकरू नको, असा हिशेब झाला. अकरा महिन्यांचा करार सगळीकडे रूढ झाला, त्याचेही कारण साधे आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. बारावा महिना टाळला की नोंदणी टळली.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वर्षानुवर्षे भाडे गोठवून ठेवणारी ही कलमे आता वाजवी राहिलेली नाहीत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्यात राहिले, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, पागडीलाही मान्यता मिळाली. करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची, असेही ठरले. पण नव्याने येणाऱ्यासाठी खरे कलम दुसरेच आहे. परवान्याची मुदत संपली की घर सोडायचे. सोडले नाही तर सक्षम अधिकारी ते रिकामे करून देईल, आणि तोवर दुप्पट शुल्क भरायचे. शिवाय बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागेला हा कायदाच लागू नाही. माझ्या मुलाच्या करारातला 'परवाना घेणारा' इथून आला.

पण मुलाच्या करारात परवाना घेणारा तो नाहीच. त्याची कंपनी आहे. असे का, ते सांगायला हवे.

तीन महिने तो घर शोधत होता. दलाल फोनवर मोकळेपणाने बोलत. किती खोल्या, किती माणसे, गाडी किती. मग विचारत, "नाव काय म्हणालात?" नाव ऐकल्यावर, "मालकांशी बोलून सांगतो." तो फोन पुन्हा येत नसे. एके ठिकाणी सांगितले, "आमच्याकडे फॅमिलीलाच देतात." तो म्हणाला, "बायको आहे, मुलगी आहे." पलीकडे शांतता. तीन महिन्यांत 'नाही' असे त्याला एकानेही म्हटले नाही. हे फक्त आमच्याच वाट्याला येते असे मी म्हणणार नाही. एकट्या राहणाऱ्या मुली, मांसाहार करणारे, आडनावावरून जात ओळखू येणारे, अनेकांना हे ठाऊक आहे. शेवटी कंपनीने आपल्या नावावर घर घेतले. नाव बदलले आणि दार उघडले.

हे ऐकून मला १९१७ सालचे बडोदे आठवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून नोकरीसाठी तिथे गेले, तेव्हा त्यांना कोणी जागा देईना. एका पारशी सरायीत त्यांनी पारशी नाव नोंदवून खोली घेतली. राहणे-जेवण दीड रुपया रोज. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. त्याच बाबासाहेबांनी मुंबईत परळच्या बी.आय.टी. चाळीत १९१२ पासून १९३४ पर्यंत भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड केले. पुढे घटना तयार झाली, तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावे घालून तिथे धर्म, जात यांवरून कोणाला अडवायचे नाही असे लिहिले गेले. म्हणजे बडोद्याच्या त्या सरायीचे दार आज कायद्याने बंद करता येणार नाही. पण त्या यादीत राहते घर नाही.

घराच्या बाबतीत आपली परंपरा वेगळी आहे, आणि तिचा हेतू नेहमीच वाईट होता असेही नाही. १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, देशातल्या पहिल्या अशा संस्थांपैकी ती एक. रावबहादूर श्रीपाद तालमकी यांनी तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या. परगावाहून आलेल्या आपल्या माणसांना परवडणारे घर मिळावे, एवढाच हेतू. संस्था मालक आणि सभासद तिचे भागीदार भाडेकरू, अशी ती रचना होती. परक्या शहरात माणूस आधी आपली माणसे शोधतो. पण शंभर वर्षांत 'आपल्यांना मिळावे' याचे 'इतरांना मिळू नये' कधी झाले, ते कळले नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात निकाल दिला, की सहकारी संस्थेला उपविधींमध्ये तशी तरतूद करून सभासदत्व एका समाजापुरते ठेवता येते.

आता त्या २०७ चाळींकडे परत येऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, चाळीस मजली इमारतीत, मालकी हक्काने, मोफत. कशाच्या बळावर? आजोबांच्या नावाने फाटलेल्या भाड्याच्या पावतीच्या बळावर. शहरातली सर्वांत स्वस्त खोली घेऊन राहिलेला गिरणी कामगार, हमाल, पोलीस शिपाई 'भाडेकरू' होता, म्हणून त्याचा नातू आज उंच इमारतीत मालक आहे. आणि तशाच उंचीवर महिना अर्धा-पाऊण लाख मोजणाऱ्या माझ्या मुलाजवळ मुदतीपलीकडे एका दिवसाचाही हक्क नाही. घर जितके महाग, तितका त्यातला माणूस पाहुणा.

यावर मालकाची बाजू मला माहीत आहे, मी काकूंना पाहिले आहे. जुना कायदा जसाच्या तसा परत यावा, असे मी म्हणणार नाही. पण अब्बांना काकूंसाठी काही सोडता आले, कारण त्यांच्याजवळ सोडण्यासारखे काहीतरी होते. मुलाचा घरमालक कोण, हे त्याला कागदावरून माहीत आहे. दोघांनी एकमेकांना अजून पाहिलेले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो. घर सुरेख आहे. शांतता इतकी, की बाविसाव्या मजल्यावर कबुतराच्या पंखांचाही आवाज येतो. भिंतीला खिळा मारायचा नाही अशी अट आहे, म्हणून नातीने काढलेली चित्रे फ्रीजवर चिकटवली आहेत. चार दिवसांत शेजारचे दार मला उघडे दिसले नाही. नात म्हणाली, "दादा, तिथे एक मुलगी आहे, ती लिफ्टमध्ये हसते."

आत शिरताना फाटकावर सुरक्षारक्षकाने मला थांबवले होते. मराठवाड्यातला कोवळा पोरगा. त्याने वही पुढे ओढली, फ्लॅटचा नंबर विचारला, वर फोन लावून खात्री केली. मग माझे नाव विचारले. मी सांगितले. त्याने ते एका झटक्यात, ऱ्हस्व-दीर्घाची चूक न करता लिहिले, आणि पुढच्या रकान्यासाठी विचारले, "तुम्ही त्यांचे कोण?"

"वडील."

त्याने लिहिले : भाडेकरूचे वडील.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)